बेसबॉलचा सामना कागदावर कसा नोंदवावा

क्रिकेटवर वाढलेला माणूस पहिल्यांदा बेसबॉल पाहायला बसतो, तेव्हा त्याला समोर फारसे काही घडत नाही असेच वाटते. पिचर चेंडू फेकतो, फलंदाज तो सोडून देतो, कॅचर तो परत पिचरकडे टाकतो, आणि तासभर हेच पाहूनही धावफलकावर दोन्ही बाजूंना शून्यच असते. माझेही पहिले दोन-तीन सामने असेच गेले. पुढे एका सामन्यात शेजारच्या खुर्चीवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ मांडीवरच्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून प्रत्येक फलंदाजानंतर एका चौकोनात बारीक आकडे लिहीत होते. मी विचारताच त्यांनी ६-४-३ अशा एका नोंदीवर बोट ठेवले आणि त्या तीन आकड्यांमधून मैदानावर नुकतेच काय घडले ते मला पुन्हा उलगडून दाखवले. त्या दिवसापासून मी कागदाशिवाय बेसबॉल पाहिलेला नाही. हा खेळ इतकी वर्षे लोकांच्या फावल्या वेळात का टिकून राहिला, याचे मला सापडलेले उत्तर त्या चौकोनातच आहे, म्हणून नोंद ठेवण्याची ही पद्धत येथे सविस्तर सांगतो.

या पद्धतीचा जनक क्रिकेटमधूनच आलेला होता, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला विशेष जवळची वाटावी. हेन्री चॅडविक यांचा जन्म १८२४ साली इंग्लंडमधील एक्सेटर येथे झाला. लहानपणीच ते अमेरिकेत आले आणि पुढे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटच्या सामन्यांची वार्तापत्रे लिहू लागले. १८५६ साली न्यू जर्सीतील होबोकेन येथील इलिशियन फील्ड्स या मैदानावर त्यांनी बेसबॉलचा एक सामना मन लावून पाहिला, आणि हाच या देशाचा खेळ होईल अशी त्यांची खात्री पटली. क्रिकेटच्या धावपत्रकाचे संस्कार त्यांच्या हाताला होतेच. त्याच धर्तीवर त्यांनी बेसबॉलसाठी कोष्टक तयार केले आणि वृत्तपत्रातून ते रुजवले. फलंदाज तीन स्ट्राइकनंतर (स्ट्राइक म्हणजे त्याने बॅट फिरवून चुकवलेली किंवा ठरलेल्या चौकटीतून जाऊ दिलेली फेक) बाद झाला की आजही ‘के’ हे अक्षर लिहितात, ते त्यांनीच ‘स्ट्रक’ या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून निवडले होते.

त्याच मैदानावर १९ जून १८४६ रोजी निकरबॉकर क्लबचा सामना झाला. आदल्या वर्षी लेखी नियम तयार करणाऱ्या या क्लबचा त्यात २३-१ असा पराभव झाला. त्याची नोंदवही जपून ठेवलेली असून, अपशब्द वापरल्याबद्दल एका खेळाडूला सहा सेंट दंड झाल्याची नोंदही तिच्यात आहे. आज न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथील वाचकांनी होबोकेनमध्ये वॉशिंग्टन स्ट्रीट आणि अकराव्या रस्त्याच्या चौकात या मैदानाची आठवण म्हणून लावलेली खूण अवश्य पाहावी.

खेळाचा उगम मात्र एका दिवसात किंवा एका माणसाकडून झालेला नाही. तो इंग्लंडमधील राउंडर्ससारख्या मुलांच्या खेळांतून आला असे चॅडविक आग्रहाने सांगत. खेळाच्या साहित्याचे व्यापारी आल्बर्ट स्पाल्डिंग यांना ते मान्य नव्हते, आणि त्या वादातून १९०५ साली मिल्स समिती नेमली गेली. अब्नर डबलडे यांनी १८३९ साली कूपर्सटाउन येथे हा खेळ शोधला, असा निष्कर्ष समितीने काढला. त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते, आणि इतिहासकारांनी ही कथा केव्हाच बाजूला ठेवली आहे. तरीही तिच्याच आधारावर १९३९ साली कूपर्सटाउनला बेसबॉलचे हॉल ऑफ फेम उभे राहिले. तेथे सन्मानितांच्या यादीत डबलडे यांचे नाव नाही, पण वही आणि पेन्सिल घेऊन बसणाऱ्या चॅडविक यांचे आहे. हा न्याय मला फार योग्य वाटतो.

कागद आणि नऊ आकडे

आता प्रत्यक्ष कामाला लागू. छापील स्कोअरकार्ड मैदानावर मिळते, पण घरी चौकटींच्या वहीवर आखलेला कागदही तितकाच चांगला चालतो. प्रत्येक संघासाठी एक पान घ्यावे. डावीकडे फलंदाजीच्या क्रमाने नऊ नावे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येक नावाखाली बदली खेळाडूसाठी एक ओळ मोकळी सोडावी. वरच्या बाजूला १ ते ९ असे इनिंगचे (म्हणजे तीन गडी बाद होईपर्यंतच्या पाळीचे) आकडे लिहून उभे रकाने पाडावेत, आणि सामना लांबला तर उपयोगी पडावेत म्हणून आणखी दोन-तीन रकाने आखून ठेवावेत. नाव आणि इनिंग जेथे एकमेकांना छेदतात, त्या चौकोनात मध्यभागी एक लहानसा शंकरपाळा काढावा. हा शंकरपाळा म्हणजेच मैदान होय: खालचे टोक होम प्लेट, म्हणजे फलंदाज जेथे उभा राहतो आणि धाव पूर्ण करायला जेथे परततो ती जागा, उजवे टोक पहिला बेस, म्हणजे धावताना गाठायचा पहिला टप्पा, वरचे दुसरा आणि डावे तिसरा. पेन्सिलच वापरावी, कारण पंचांचा निर्णय बदलतो, आपलीही नजर चुकते, आणि शाईने खोडाखोड झालेला कागद नंतर वाचता येत नाही.

यानंतर पाठ करायचे ते नऊ आकडे. पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक ३, दुसऱ्या बेसवरचा ४, तिसऱ्या बेसवरचा ५, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि लांबच्या गवतावर डावीकडून उजवीकडे ७, ८ व ९. शॉर्टस्टॉपचा आकडा पाच नसून सहा आहे, येथे नवशिक्या हमखास अडखळतो. पहिले तीन सामने कागदाच्या कोपऱ्यात मैदानाचे चित्र काढून त्यावर हे आकडे लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे ते आपोआप हाताशी येतात. हे आकडे खेळाडूच्या पाठीवरच्या क्रमांकाशी जोडू नयेत, कारण ते जागेचे आहेत, माणसाचे नव्हेत. पाठीवरचे क्रमांक मुळात बरेच उशिरा आले. न्यूयॉर्क यांकीज संघाने १९२९ साली ते कायमचे स्वीकारले आणि फलंदाजीच्या क्रमानुसार दिले, म्हणून तिसऱ्या क्रमांकावर खेळणाऱ्या बेब रूथ यांना ३ आणि त्यांच्या मागून येणाऱ्या लू गेरिग यांना ४ हा आकडा मिळाला. त्याआधी मैदानात विकले जाणारे कार्ड हाती नसेल, तर समोर कोण खेळत आहे हेच प्रेक्षकाला कळत नसे.

गेल्या काही वर्षांतला एक बदल नावे लिहिताना लक्षात ठेवावा. २०२२ पासून मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये पिचरच्या जागी दुसराच खेळाडू फलंदाजी करतो. त्याला क्षेत्ररक्षणाचा आकडा नसतो, म्हणून त्याच्या नावापुढे ‘डीएच’ (डेझिग्नेटेड हिटर) लिहावे आणि पिचरचे नाव पानाच्या तळाशी वेगळे घ्यावे.

चिन्हे आणि एक नमुन्याची इनिंग

फलंदाज कसा बाद झाला हे सांगताना चेंडूला ज्या क्रमाने हात लागले, त्या क्रमाने आकडे लिहावेत. चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे गेला आणि त्याने तो पहिल्या बेसवर फेकून फलंदाजाला बाद केले, तर ६-३. झेल असेल तर ‘एफ’ अक्षर आणि झेल घेणाऱ्याचा आकडा: मधल्या गवतावरच्या खेळाडूने झेल घेतला तर एफ ८. बॅट फिरवून तिसरा स्ट्राइक गेला तर ‘के’. बॅट खांद्यावरच राहिली आणि पंचांनी तिसरा स्ट्राइक दिला, तर हेच ‘के’ आरशात दिसावे तसे उलटे काढावे. एकाच अक्षराच्या दिशेवरून फलंदाज चकला की गोठून उभा राहिला हे कळते, आणि या पद्धतीतले मला सर्वांत आवडणारे चिन्ह तेच आहे. चार बॉल मिळून फलंदाज पहिल्या बेसवर चालत गेला तर ‘बीबी’ लिहावे. येथे एक खुलासा करतो: बेसबॉलमध्ये ‘बॉल’ म्हणजे फलंदाजाने सोडून दिलेली, ठरलेल्या चौकटीबाहेरून गेलेली फेक, आणि ‘पिच’ म्हणजे खेळपट्टी नसून फेक.

फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचला की शंकरपाळ्याच्या खालच्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतची बाजू गडद करावी, दुसऱ्या बेसवर गेला की वरपर्यंत, आणि अशा रीतीने तो घरी परतला की शंकरपाळा पूर्ण होतो आणि आतून रंगवला जातो. पान हातभर लांब धरले तरी रंगवलेले शंकरपाळे मोजून धावा कळतात. बाद झालेल्या प्रत्येकाच्या चौकोनात १, २ किंवा ३ हा आकडा वर्तुळात लिहावा, आणि तिसरा गडी बाद झाला की त्या चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात तिरकी रेघ मारून इनिंग संपल्याची खूण करावी.

एक इनिंग सोबतच नोंदवून पाहू. पहिल्या फलंदाजाचा चेंडू शॉर्टस्टॉपकडे जातो आणि तो पहिल्या बेसवर बाद होतो: ६-३, वर्तुळात १. दुसऱ्याला चार बॉल मिळतात: ‘बीबी’, उजवीकडची खालची बाजू गडद. तिसरा फलंदाज उजव्या गवताकडे सिंगल, म्हणजे पहिला बेस गाठून देणारा फटका, मारतो. त्याच्या चौकोनातही पहिल्या बेसपर्यंत रेघ काढावी, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण आधीचा धावपटू त्या फटक्यावर थेट तिसऱ्या बेसवर पोहोचला आहे. म्हणून वरच्या चौकोनात परत जाऊन त्याची रेघ तिसऱ्या बेसपर्यंत वाढवावी. नवशिक्याची सर्वाधिक चूक येथेच होते: तो नव्या फलंदाजाची नोंद करतो आणि आधीच्या धावपटूला विसरतो. चौथा फलंदाज मधल्या गवतावर उंच फटका मारतो, झेल घेतला जातो, पण झेलानंतर तिसऱ्या बेसवरचा धावपटू घरी धावत येतो. हा सॅक्रिफाइस फ्लाय झाला. ‘एसएफ ८’ लिहावे, वर्तुळात २, आणि दुसऱ्या फलंदाजाचा शंकरपाळा रंगवावा. पाचवा फलंदाज बॅट फिरवतो आणि चुकतो: ‘के’, वर्तुळात ३, तिरकी रेघ. पाच चौकोनांत एक धाव, तीन बाद आणि पहिल्या बेसवर अडकून राहिलेला एक धावपटू, असा सगळा प्रसंग आला.

आरंभी उल्लेखिलेल्या ६-४-३ ची नोंद दोन चौकोनांत होते. पहिल्या बेसवर धावपटू असताना चेंडू शॉर्टस्टॉपकडे जातो, तो दुसऱ्या बेसवर धावत आलेल्या ४ कडे देतो आणि ४ तो पहिल्या बेसवर फेकतो. धावपटूच्या चौकोनात ६-४ आणि वर्तुळात १, फलंदाजाच्या चौकोनात ६-४-३ आणि वर्तुळात २. हे सगळे घडायला चार-साडेचार सेकंद लागतात, आणि आकडे लिहिताना आपण ते मनात दुसऱ्यांदा पाहतो.

लिहायला वेळ पुरेल का, अशी शंका अनेकांना येते. २०२३ पासून पिचरवर घड्याळ आले आहे. बेस रिकामे असतील तर त्याला १५ सेकंदांत फेक करावी लागते, आणि कोणी बेसवर असेल तर सध्या १८ सेकंद मिळतात. पूर्वीइतकी फुरसत उरलेली नाही, म्हणून सुरुवातीला प्रत्येक फेकीचा हिशेब ठेवण्याच्या फंदात पडू नये. फक्त निकाल लिहावा.

हिट की चूक

नोंद ठेवणाऱ्याला स्वतःची बुद्धी लावावी लागते ती एकाच ठिकाणी. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातातून निसटला आणि फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचला, तर तो त्याचा हिट, म्हणजे स्वतःच्या फटक्याने कमावलेला बेस, मानायचा की क्षेत्ररक्षकाची चूक? कसोटी अशी, की त्या जागी खेळणाऱ्या सामान्य क्षेत्ररक्षकाने सामान्य प्रयत्नाने तो चेंडू हाताळला असता का. हाताळला असता असे वाटले तर ‘ई’ आणि त्याचा आकडा लिहावा: शॉर्टस्टॉपची चूक म्हणजे ई ६. सामन्यात अधिकृत नोंदणीकार हा निर्णय देतो आणि तो फलकावर झळकतो, पण आपण तो दिसण्यापूर्वी स्वतःचे मत लिहून मोकळे व्हावे आणि मग ताडून पाहावे. दहा सामन्यांत नजर किती तयार झाली, हे त्यातून स्वतःलाच कळते.

क्रिकेटच्या धावपत्रकात सुटलेल्या झेलाला जागा नाही. स्लिपमध्ये शून्यावर जीवदान मिळालेल्या फलंदाजाचे शतक कागदावर निर्दोष शतकासारखेच दिसते. बेसबॉलच्या फलकावर मात्र धावा आणि हिट यांच्या शेजारी तिसरा रकाना चुकांचाच असतो, आणि तो हजारो लोकांसमोर उघडा असतो. या रकान्यामुळे सामन्याची खरी हकिकत कागदावर उतरते, असे मला मनापासून वाटते, आणि क्रिकेटनेही हे कधीतरी उचलावे.

हिट आणि चूक यांतला हा भेद सरासरीच्या मुळाशी आहे. सरासरी काढताना हिटच्या संख्येला फलंदाजीच्या अधिकृत संधींनी भागतात. ‘बीबी’ आणि सॅक्रिफाइस त्या संधींत धरत नाहीत, आणि चुकीमुळे मिळालेला बेस संधीत धरला तरी हिटमध्ये धरत नाहीत. एका नोंदीने किती फरक पडतो याचे उदाहरण १९४१ सालचे आहे. हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी बॉस्टन रेड सॉक्सचे टेड विल्यम्स ४४८ संधींत १७९ हिटवर होते, म्हणजे ०.३९९५५, जे पूर्णांकित करून ०.४०० छापले गेले असते. त्या दिवशी फिलाडेल्फियात दोन सामने होते, आणि बाहेर बसून राहणे त्यांना शक्य होते. ते दोन्ही सामने खेळले, आठ संधींत सहा हिट मारले आणि ०.४०६ वर हंगाम संपवला. अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या पूर्ण हंगामात त्यांच्यानंतर कोणीही ०.४०० गाठलेले नाही.

शेवटचा ताळा

सामना संपला की पान बंद करण्यापूर्वी हिशेबाचा ताळा पाहावा. एका संघाच्या अधिकृत संधी, ‘बीबी’, चेंडू अंगाला लागून मिळालेले बेस आणि सॅक्रिफाइस यांची बेरीज करावी. दुसरीकडे त्या संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले धावपटू आणि बाद झालेले गडी यांची बेरीज करावी. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत, कारण फलंदाजीला आलेला प्रत्येक माणूस घरी परतला, अडकला किंवा बाद झाला यांपैकी एकच काहीतरी घडते. वरच्या नमुन्याच्या इनिंगमध्ये तीन संधी, एक ‘बीबी’ आणि एक सॅक्रिफाइस मिळून पाच होतात, आणि एक धाव, एक अडकलेला व तीन बाद मिळूनही पाचच. जुळत नसेल तर बहुधा एखादा धावपटू हरवलेला असतो, आणि तो कोणत्या इनिंगमध्ये हरवला हे शोधताना संपूर्ण सामना पुन्हा डोळ्यांसमोरून जातो. नियमित हंगामात नऊ इनिंगनंतर बरोबरी राहिली तर पुढच्या प्रत्येक इनिंगला दुसऱ्या बेसवर एक धावपटू आयता उभा करतात. तो फलंदाजी न करता आलेला असल्यामुळे पहिल्या बेरजेत एक वाढवून घ्यावा.

सराव कोणत्या सामन्यावर करावा

भारतातून थेट सामना पाहायचा तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो. सरावासाठी त्यापेक्षा जुने चित्रण बरे, कारण ते थांबवता येते. जुना सामना आजच्या चिन्हांनी नोंदवता येतो, याचे कारण खेळाची मूळ मापे फार पूर्वीच ठरून गेली आहेत: चार बॉलचा नियम १८८९ पासून, आणि पिचर ते होम प्लेट हे ६० फूट ६ इंच अंतर १८९३ पासून आजतागायत तेच आहे.

माझी शिफारस ८ ऑक्टोबर १९५६ रोजी यांकी स्टेडियममध्ये झालेल्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, पाचव्या सामन्याची आहे: न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स, यांकीजचे पिचर डॉन लार्सन. या सामन्याच्या चित्रणातील पहिली इनिंग हरवलेली आहे. डॉजर्सच्या पानावर तिच्यात दोन उलटे ‘के’ आणि एक एफ ९ भरून घ्यावे आणि दुसऱ्या इनिंगपासून पेन्सिल हातात घ्यावी.

पहिलाच चौकोन जॅकी रॉबिन्सन यांचा येतो. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर उतरून मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारे, आणि ज्यांचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये सर्व संघांनी सन्मानाने राखून ठेवला, ते हेच रॉबिन्सन. आता ते ३७ वर्षांचे आहेत आणि हा त्यांचा अखेरचा हंगाम आहे. त्यांचा जोरदार फटका तिसऱ्या बेसवरच्या अँडी केरी यांच्या हातमोज्याला लागून उडतो, शॉर्टस्टॉप गिल मॅकडूगल तो उचलून पहिल्या बेसवर फेकतात, आणि वयाने मंदावलेले रॉबिन्सन थोडक्यात बाद होतात. तिसऱ्या बेसवाल्याने चेंडू पकडला नाही, पण त्याचा हात लागला म्हणून त्याचा आकडाही येतोच: ५-६-३. दहा वर्षांपूर्वीच्या रॉबिन्सन यांनी कदाचित तो बेस गाठला असता, असे त्या चौकोनाकडे पाहताना मला दर वेळी वाटते.

पाचव्या इनिंगमध्ये गिल हॉजेस यांचा फटका डाव्या आणि मधल्या गवताच्या सीमेवर खोल जातो आणि मिकी मँटल धावत जाऊन तो झेलतात. एफ ८ लिहावे आणि झेल अवघड होता याची खूण म्हणून शेजारी एक चांदणी काढावी. मँटल यांनीच चौथ्या इनिंगमध्ये यांकीजच्या पानावर पहिला शंकरपाळा रंगवलेला असतो, तोही होमरनने, म्हणजे थेट कुंपणापलीकडे मारलेल्या फटक्याने. डॉजर्सच्या पानावर मात्र एकही रेघ गडद होत नाही. ना हिट, ना ‘बीबी’, ना चूक. चौकोनामागून चौकोन फक्त आकड्यांचे आणि वर्तुळांचे भरत जातात. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद झाल्यावर पिचरच्या जागी डेल मिचेल फलंदाजीला येतात. त्यांचे नाव नवव्या क्रमांकाखालच्या मोकळ्या ओळीत लिहावे. लार्सन यांची ९७वी फेक येते, मिचेल बॅट अर्धी पुढे आणून थांबवतात, आणि पंच बेब पिनेली यांचा हात वर जातो. कॅचर योगी बेरा धावत जाऊन लार्सन यांच्या अंगावर झेप घेत असतानाच शेवटच्या चौकोनात उलटे ‘के’ काढावे, वर्तुळात ३ लिहावे, तिरकी रेघ मारावी आणि ताळा पाहावा: एका बाजूला २७ संधी, दुसऱ्या बाजूला २७ बाद.